उलटं लागलेलं गोंदण

कोल्हापूर,
बेंदराचा दुसरा दिवस

प्रिय दोस्ता,

तुझा फोन झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय, पण आठ दिवस पावसानं डोकं वर काढू दिलं नाही. पुस्तकांच्या कपाटाला बुरशी येतेय, म्हणून निगेटिव्हचे डबे आईच्या देवघराशेजारी हलवलेत. घरात कोरडी जागा तेवढीच.

काल बेंदूर झाला, बैलांचा सण. गंगावेशीतनं मातीच्या बैलांची जोडी आणली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला आणि दुपारी मी कॅमेरा घेऊन नदीपलीकडं गेलो. अख्ख्या गल्लीत शिंगांना हिंगूळ लावलेली एकच जोडी. बाकीच्या दारांत ट्रॅक्टर धुऊन उभे. एका घरात मात्र आजोबांच्या वेळची आरशांची झूल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नीट पसरून बांधली होती आणि घरची सून त्या बॉनेटला कुंकू लावत होती. बैल विकून दहा वर्षं झाली, झूल मात्र तिनं ट्रंकेत जपली. मला हसू आलं नाही. पावसात भिजत तिथंच उभा राहिलो आणि अर्धा रोल संपवला.

तू विचारलंस, "एवढे फोटो काढून होतं काय? जायच्या त्या गोष्टी जातातच की." त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देतो.

गारगोटीच्या पुढच्या वाडीतल्या आक्का तुला आठवत असतील. २००६ साली आपण दोघं तुझ्या गाडीवरनं गेलो होतो. तू चहा पीत बसलास आणि मी जात्यावर बसलेल्या आक्कांचा फोटो काढला. एक पाय लांब सोडलेला, दुसरा दुमडलेला, एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं जात्यात दाण्यांची वैरण घालताहेत. दारातनं येणारा उजेड बरोबर पिठावर पडलेला. माझ्या सगळ्या कामातला तो सगळ्यात चांगला फोटो, असं मी इतकी वर्षं मानत आलो.

पुढं २०१९ चा महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं आणि आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं शिरलं. चार डबे बुडाले. निगेटिव्ह एकदा ओल्या झाल्या की तशाच वाळू द्यायच्या नसतात, नाहीतर पाकिटाला चिकटून बसतात. म्हणून बादल्यांत स्वच्छ पाणी भरून एकेक पट्टी त्यात सोडवली आणि वरच्या माळ्यावर दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवल्या. दोन डबे वाचले, दोन गेले. गेलेल्यांत मोटेचे, बैल जुंपून विहिरीचं पाणी उपसायचे, सगळे फोटो होते. बैलांची धाव, पाणी पडायचं थारोळं, ओढायचे दोर म्हणजे नाडा आणि सोंदूर, सगळं होतं त्यात. ज्यांनी मोट हाकून दाखवली ते आजोबाही आता नाहीत. ते काम पुन्हा होणं नाही.

आक्कांची पट्टी वाचली, पण कडेचे आकडे गाळानं खाल्ले होते. पट्टी सुलटी की उलटी हे त्या आकड्यांवरनं पटकन कळतं. मी घाईत होतो, उरलेलं एकदाचं स्कॅन करून ठेवावं एवढंच डोक्यात होतं. पट्टी उलटी लागली. डाव्याचं उजवं झालं आणि माझ्या लक्षात आलं नाही. २०२२ च्या प्रदर्शनात तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आठ दिवस लोक येत होते, जाणकार येत होते, उजेडाचं कौतुक करत होते. एकालाही काही खटकलं नाही. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला, त्या गावात मी उलटा फोटो टांगून बसलो होतो.

यंदा माघात तो प्रिंट घेऊन आक्कांकडं गेलो. आता त्या खाटेवरच असतात, नजर अधू झालीय. फोटो दारातल्या उन्हात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो हात कुणाचा?"

म्हटलं, "तुमचाच की, आक्का."

त्यांनी पदर मागं सारला आणि उजवा हात पुढं केला. मनगटाच्या वर तुळस गोंदलेली, तिच्या बाजूला पाच ठिपके. "माजं गोंदाण ह्या हाताला. फोटूत त्या हाताला कसं ग्येलं?"

मी फोटो बघत राहिलो. इतकी वर्षं ज्या फोटोकडं बघत होतो, त्यात गोंदण आहे हेसुद्धा मी कधी नीट पाहिलं नव्हतं.

मी चूक कबूल केली. त्या रागावल्या नाहीत. हात तसाच मांडीवर ठेवून बोलायला लागल्या. जत्रेत आलेल्या बाईनं शेरभर जोंधळ्यावर गोंदून दिलेलं. आक्का नऊ वर्षांच्या. आईनं हात धरून ठेवला होता आणि रडू नको म्हणून कानात गाणं म्हटलं होतं. "आई ग्येली तवा कानातली फुलं काढून घेतली, बुगड्या काढून घेतल्या. गोंदाण तेवढं तिच्यासंगं ग्येलं," असं म्हणून त्या थांबल्या. मी कॅमेरा पिशवीतनं बाहेरसुद्धा काढला नाही.

२००६ मध्ये रेकॉर्डर पुढं ठेवून बसलो होतो, तेव्हा तीन ओव्या म्हणून त्या गप्प झाल्या होत्या. या खेपेला त्यांनीच नातवाला सांगून जातं बाहेर काढायला लावलं. खताच्या पोत्यांखाली होतं. कित्येक वर्षांत टाकी लावलेली नाही, म्हणजे छिन्नीनं दगडाला खाचा पाडलेल्या नाहीत, दगड गुळगुळीत झालेला. टाकी लावणारे आता त्या बाजूला फिरकत नाहीत. नातू सहज खुंटा फिरवायला लागला तर त्यांनी त्याला थांबवलं, रिकामं जातं फिरवायचं नसतं म्हणून. मूठभर जोंधळं घातलं, सुनेनं खुंटा धरला, आक्कांनी नुसता हात तिच्या हातावर ठेवला. पीठ काही पडलं नाही, भरड पडली. पण दगडाची घरघर सुरू झाली आणि ओवी आली. मग दुसरी, तिसरी. भावाची, माहेरच्या वाटेची, पंढरीची, सीतेच्या वनवासाची. एकेचाळीस ओव्या झाल्या. मी उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस खाली, मी कुठं जातो आता?" आपल्या कोल्हापूरच्या बायकांचं हे 'मी जातो, मी येतो' किती वर्षांनी इतकं निवांत ऐकलं.

तू पुण्यात असतोस, तुला ठाऊक असेल. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडनं लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या शेजारच्या बागणीच्या सरोजिनी बाबरांनी उभा जन्म लोकसाहित्यात घातला. सोन्थायमर जर्मनीहून येऊन धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, बिरोबाच्या ओव्या ऐकत बसले. त्यांच्यापुढं माझं काम चिमूटभर. पण या माणसांनी ऐकण्याला जेवढा वेळ दिला, तेवढा मी बघण्याला दिला नव्हता, हे मला आक्कांनी शिकवलं. मी फोटो काढत होतो आणि घरी घेऊन येत होतो. परत दाखवायला कधी गेलोच नव्हतो.

आता जातो. फेब्रुवारीपासून तेवढंच काम करतोय. जुने प्रिंट पिशवीत घालायचे, ज्याचा फोटो त्याच्यापुढं ठेवायचा आणि गप्प बसायचं. जे सांगतील ते फोटोच्या मागं पेन्सिलीनं लिहायचं (शाई पुराच्या पाण्यात पसरते, शिसं टिकतं, हेही तेव्हाच कळलं). पन्हाळ्याकडच्या गुऱ्हाळाचे माझे फोटो तू बघितलेत, चुलवणाच्या धुरातनं आलेले उन्हाचे पट्टे, रस आटवायच्या काहिलीभोवतीची माणसं. तुला ते फार आवडले होते. त्यातला एक मी तिथल्या म्हाताऱ्या गुळव्यापुढं ठेवला. त्यानं उन्हाच्या पट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. धुरावर बोट ठेवून म्हणाला, "चिपाडं वली हुती त्या दिशी." ओल्या चिपाडाचा जाळ मंद, मग पाक काहिलीत जास्त वेळ राहतो आणि गूळ काळपट पडतो. त्या दिवशीचा गुळाचा रवा (ढेप) बाजारात कमी दरानं गेला होता, हे त्याला फोटोतल्या धुराच्या रंगावरनं आठवलं! मी त्याला विचारत सुटलो. भेंडीचं पाणी कधी ओतायचं, मळी कधी काढायची, फेस पिवळा पडला की पुढं काय. तो म्हणाला, आता डोळ्याचं काम संपलं, कानाचं सुरू. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी करायची आणि भांड्याच्या काठावर मारायची. टणक वाजली की काहील उतरवायची. त्याआधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, उशीर झाला तर करपतो. हे सांगताना त्याचा अंगठा आणि बोट मधल्या मधे गोळी वळत होतं. गुऱ्हाळ बंद होऊन सहा वर्षं झालीत. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ऊस कारखान्याला घालणं सोपं, गुऱ्हाळाला माणसं मिळत नाहीत, आणि त्याच्या पोरांपैकी कुणालाच ती गोळी वाजवता येत नाही. प्रिंट त्यानं ठेवून घेतला. मागं लिहिलेलं मी वहीत उतरवून आणलं.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. जातं थांबलं ते गिरणी आली म्हणून, आणि गिरणी आली हे बायांच्या खांद्यांसाठी चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून दळायला माझ्या आईला कुणी परत सांगावं असं मला वाटत नाही. पण तो दगड फिरवताना ज्यांनी गाणी रचली त्या बाया अजून आहेत, आणि त्यांच्याशिवाय माझा फोटो उलटा आहे की सुलटा हे सांगणारं दुसरं कुणी नाही. त्या आहेत तोवर मला धावायचंय.

आणि म्हणूनच तुला हे एवढं लांबलचक लिहितोय. गावाकडचं जुनं घर पाडायचं ठरलंय आणि जातं कुणीतरी रिसॉर्टवाला बागेत ठेवायला मागतोय, असं तू सहज बोलून गेलास. दे, नाही म्हणत नाही. पण दोन दिवस थांब. काकूंना एकदा त्या जात्यावर बसव. पंचमीला झोक्यावर त्या काय गायच्या ते मला अजून कानात आहे, आपण दहावीत होतो तेव्हाचं. जात्यावरचं त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. तूही ऐकलेलं नसशील. मी रेकॉर्डर घेऊन येतो, कॅमेरा नको म्हणाल्या तर घरीच ठेवीन. वडणग्याला एक पाथरवट अजून काम करतो असं कळलंय, त्याला घेऊन आदल्या दिवशी येतो आणि टाकी लावून घेतो. म्हणजे या खेपेला भरड नको, पीठ पडू दे.

आक्कांचा फोटो सुलटा करून पुन्हा छापलाय, एक प्रत सोबत पाठवतोय. गोंदण नीट बघ, उजव्या हाताला आहे.

काकूंना नमस्कार. जोंधळं निवडून ठेवायला सांग, पायलीभर पुरेत.

तुझाच,
गंगावेशीतला फोटोवाला