मथळ्यात सीएनजी, बातमीत तारीख नाही

मा. संपादक,

पेट्रोलची गाडी पेटली की मथळा येतो ‘कारला आग’. गाडी सीएनजीवरची असली की तोच मथळा ‘सीएनजी कारला आग’ होतो, मग आग बाहेरून बसवलेल्या हेडलाइटच्या फ्यूजविना ओढलेल्या वायरमुळे का लागलेली असेना! अशा बातम्या वाचून लोक ‘डिकीत बॉम्ब कशाला ठेवायचा’ म्हणतात आणि पेट्रोलची टाकी निर्धास्त फुल्ल करतात.

वास्तविक सीएनजी हवेपेक्षा बराच हलका. उघड्यावर गळला तर वर निघून जातो. पेट्रोलची वाफ जमिनीलगत रेंगाळते. ठिणगीविना पेट घ्यायला सीएनजीला 500 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, पेट्रोलला त्याच्या निम्म्याच्या आसपास पुरतं. बंद डिकीत गॅस साठला तर मात्र ठिणगी पुरे.

खरी भीती बाळगायची ती दाबाची. कारच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, भरलेल्या सिलिंडरमध्ये गॅस 200 बार. सिलिंडर आवळणाऱ्या पट्ट्यांखाली पाणी मुरतं, गंज धरतो, पत्रा आतल्या आत पातळ होतो आणि वरून रंग शाबूत दिसतो. म्हणून दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट. सिलिंडर उतरवून, व्हॉल्व्ह काढून आतून पाहतात, मग पाणी भरून दाब 330 बारच्या पुढे नेतात आणि दाब सोडल्यावर सिलिंडर किती फुगलेला राहिला ते मोजतात. पाणीच का, तर ते जवळजवळ दबत नाही. सिलिंडर फाटला तरी गॅससारखा धडाका होत नाही. नापास सिलिंडर रंग मारून परत बसवायचा नसतो, तो कायमचा बाद करायचा असतो. पण टेस्टला गाडी दिवसभर अडकते, म्हणून नुसतं सर्टिफिकेट ‘मॅनेज’ करणारेही भेटतात.

गॅसचा वास आला तर इंजिन बंद करावं, कुठलाही स्विच न दाबता सगळ्यांनी उतरावं, दारं उघडी ठेवावीत आणि सिलिंडरचा हातव्हॉल्व्ह घड्याळाच्या दिशेने फिरवून बंद करावा. गॅस भरतानाही गाडीत कुणी बसू नये.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. यापुढे अशा बातमीत किट कंपनीचं होतं की बाहेरून बसवलेलं, आधी आग लागली की आधी सिलिंडर फुटला, आणि शेवटची हायड्रोटेस्ट कधीची, एवढं विचारून छापावं. तारीख सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेली असते. जळालेल्या गाडीतही ती बहुतेकदा वाचता येते.

– एक वाचक, पिंपरी