अधिवेशनाला बडोद्याला येणाऱ्यांसाठी

मंडळी, आधी तिकिटावर स्टेशन नीट बघा, वडोदरा जंक्शन आहे की छायापुरी, कारण काही गाड्या मेन स्टेशनला येतच नाहीत, छायापुरीलाच थांबतात, मग तिथून रिक्षावाला म्हणेल ते द्यावं लागतं. मेनला उतरलात तर सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडा, अलकापुरीकडे नको, उगाच वळसा. एसटी डेपो जवळच आहे. पाट्या बहुतेक गुजरातीत, पण डोक्यावरची रेघ सोडली तर बरीच अक्षरं आपल्यासारखीच, जमेल वाचायला. हॉल दांडिया बाजारात आहे, शेअर रिक्षात बसायच्या आधी भाडं विचारा अन् सुट्टे ठेवा हं, मागे मी पाचशेची नोट घेऊन बावळटासारखी उभी होते. अडलात तर इथेच मेसेज टाका.