बदली होऊन गेलेल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमची बदली झाल्याचं मला आरोग्य केंद्रातल्या औषधाच्या खिडकीवर कळलं. कुठे झाली म्हणून विचारलं, तर तिथला मुलगा हसून म्हणाला, "मॅडमनी सांगू नका म्हटलंय." बरोबरच आहे तुमचं. पत्ता कळला असता तर सत्तरी तालुक्यातल्या निम्म्या बायका तवशी आणि भेंडी घेऊन तुमच्या दारात उभ्या राहिल्या असत्या, आणि तुम्ही त्यातलं काहीएक घेतलं नसतंत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोरच लिहिते. तुमच्या हाती पडलं तर उत्तम. नाही पडलं तर आमच्यासारखं दुसरं कुणीतरी आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात तुमच्यासारखी एखादी समुपदेशक ताई बसते का, एवढं तरी विचारून येईल.

तुम्ही वयानं माझ्याहून चांगल्याच लहान. सासूबाई तुम्हाला 'बाय' म्हणायच्या, मी मात्र ताईच म्हणत आले, ते आता बदलणार नाही.

यांचा अपघात उसगावच्या तिस्क नाक्याच्या अलीकडे झाला. फोंड्याला नाटक बघून रात्री स्कूटरवरून परत येत होतो, मी मागे बसले होते. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. १०८ ची गाडी आली, यांना बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं, आणि उजाडायच्या आधी डॉक्टर बाहेर येऊन जे सांगायचं ते सांगून गेले. पूर्वी मला एवढंही लिहिता आलं नसतं.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. भांडी कोण घासतंय, भात कोण घालतंय, मला पत्ता नव्हता. माणसं पांगली आणि मग सुरू झालं. डोळा लागला की तिस्क. रस्त्यावर टिप्परनं ब्रेक मारला की हातातलं खाली पडायचं. फोंड्याला काही काम निघालं तर तिस्क टाळून मी साखळी-माशेलवरून वळसा घालायचे, बसचे जास्तीचे पैसे आणि तासभर घालवून. पण सगळ्यात वाईट हे, की मला हे जिवंत असे आठवेचनात. सोळा वर्षांचा संसार, पण डोळ्यांपुढे आणायला गेले की रस्त्यावर पडलेलेच यायचे. फोटोकडे बघितलं तरी तेच. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. नवरा आठवत नाही, असं कुठली बाई कुणाला सांगेल?

तुमच्याकडे मी माझ्यासाठी आले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला रांगेत उभी होते. अंगणात १०८ ची गाडी भोंगा वाजवत शिरली आणि मी भिंतीला टेकून मटकन खाली बसले. लोकांनी पाणी दिलं, कांदा हुंगवला. तुम्ही आलात आणि इतकंच विचारलंत, "झोप कशी आहे?" रडू येतं का, धीर धरता का, मुलाकडे बघता ना, हे सगळं बाकीचे विचारून झाले होते. झोपेचं कुणी विचारलं नव्हतं.

मागच्या खोलीत गेल्यावर तुम्ही आधी सांगून टाकलंत की तुम्ही डॉक्टर नाही, औषध देणार नाही. पुढे माझ्या भाच्यानं (तो समाजकार्याचं शिकतोय) सांगितलं की हे काम आपल्याच गोव्यात उभं राहिलंय. १९९६ साली इथे सुरू झालेल्या 'संगाथ' संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या इथल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाला बसवलं, आणि नैराश्याच्या रुग्णांना त्याचा गुण येतो हे २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. परदेशातले डॉक्टर ते वाचतात म्हणे. आमच्या वाड्यावर मात्र 'त्या खोलीत' जायचं तर बायका अजून पदर पुढे ओढून घेतात.

दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी तुम्हाला ते न आठवण्याचं सांगितलं. तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "वहिनी, तुमची दोन दुखणी एकमेकांत अडकलीत. एक त्या रात्रीचं आणि एक ते गेल्याचं. पहिलं दुसऱ्याच्या दारात आडवं पडलंय. ते बाजूला झाल्याशिवाय तुम्हाला त्यांच्यापर्यंत जाता येणार नाही." त्यातल्या एकावर उपचार आहे आणि दुसऱ्यावर उपचाराची गरजच नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. माणूस गेल्याचं दुःख हा आजार नव्हे. पण झोपेत तिस्क येणं, भोंग्यानं पाय गळणं, वाट टाळणं यांवर इलाज आहे, आणि तो बांबोळीला मिळतो.

बांबोळी म्हटल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळाला ना नव्हती. बाजूच्या मनोविकारांच्या इस्पितळाला ना होती. त्यांच्या पिढीला ते अजून पणजीच्या आल्तिनो टेकडीवरचंच जुनं इस्पितळ वाटतं, ज्याचं नाव काढलं तर मुलीचं लग्न मोडायचं. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं इस्पितळावर बंधनकारक आहे, एवढं सांगितलंत. मग म्हणालात, "आई, तुम्हीच घेऊन जा तिला." आणि त्या आल्या, ताई. डब्यात पेज आणि कैरीची तोरां घेऊन, माझ्या शेजारी बाकावर दिवसभर बसल्या.

त्या इस्पितळाला पूर्वी आबे फारियाचं नाव होतं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, पुढ्यात बाई पडलेली आणि हा दोन्ही हात पसरून उभा. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. १७५६ साली कांदोळीत जन्मलेला हा पाद्री पुढे पॅरिसला गेला आणि सांगत राहिला की मोहनिद्रा (संमोहन) घालणाऱ्याच्या हातात जादू नसते, जे काही घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनाच्या जोरावर. मी आभार मानायला लागले की तुम्हीही असंच काही म्हणायचात, "केलंत ते तुम्हीच." फारियाचं म्हणणं मला पटतं. तुमचं अर्धंच पटतं.

गोळ्यांचंही लिहायला हवं, कारण हे पुष्कळ घरांत होतं. तेराव्याच्या आधीच नात्यातल्या कुणीतरी एका डॉक्टरांकडून मला झोपेच्या गोळ्या आणून दिल्या होत्या आणि मी त्या महिनोन्महिने घेत होते. तुम्ही 'बंद करा' म्हणाला नाहीत. चिठ्ठी लिहून मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंत. त्यांनी सांगितलं की जवळचं माणूस गेलं एवढ्याच कारणासाठी या जातीच्या गोळ्या देऊ नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासूनची शिफारस आहे, पण सवय लागल्यावर एकदम सोडणंही धोक्याचं. त्यांनी त्या हळूहळू कमी करत आणल्या. शेवटची अर्धी गोळी सासूबाईंनी स्वतः न्हाणीत टाकली.

बांबोळीच्या मॅडमनी त्या रात्रीची गोष्ट माझ्याकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून घेतली, पुन्हा पुन्हा, मधलं काही न गाळता. नाटकाच्या तिसऱ्या अंकापासून. त्याचं वर्णन इथे नको. त्या कामाचे आभार त्यांना वेगळे मानलेत. पण घरी आल्यावर जे हलायचं ते सावरायचं काम तुमचं. छाती धडधडायला लागली की डोळे उघडे ठेवून माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीला, बांधतात त्या वस्तू एकेक आठवायच्या, ही युक्ती तुम्ही माझ्यासाठीच काढलीत. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगा, सुपारीचं शिपटं, असोल्या नारळांची जोडी. रानातून ते सगळं आणण्याचं काम आमच्या घरी यांचं असायचं. घागऱ्यो म्हणताना एक दिवस हे दारात दिसले, पायांना चिखल, खांद्यावर वेली, आणि मुंगी चावली म्हणून शिव्या देताहेत. तिस्कवरचे नव्हेत, घरचे. मी तुम्हाला केंद्राच्या नंबरावर फोन केला आणि बोलायलाच जमेना. तुम्ही पलीकडे थांबून राहिलात. एकदाही 'हॅलो, हॅलो' केलं नाहीत.

त्या वर्षी आमच्या घरी चवथ नव्हती. गणपती चुलत दिरांकडे बसला.

आता सासूबाईंचं. त्यांना दिवसभर मुलाबद्दलच बोलायचं असायचं, तो लहानपणी कसा पडला, काय खायचा, आणि मी उठून गोठ्यात जायचे. त्यांना वाटायचं सून दगडाची आहे. मला वाटायचं या मला जगू देणार नाहीत. एकाच माणसासाठी रडणाऱ्या दोघी एका चुलीपाशी एकमेकींना नकोशा झालो होतो. तुम्ही दोघींना समोरासमोर बसवून सांगितलंत की दुःख करणारा माणूस दोन्हीकडे जाऊन येत असतो, घटकाभर गेलेल्याकडे, घटकाभर कामाकडे, आणि दोघींनी एकाच वेळी एकाच बाजूला असलं पाहिजे असा नियम कुठे नाही. सासूबाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हळ्यार तूंय रडटा, पूण गोठ्यांत?" (म्हणजे तूही रडतेस, पण गोठ्यात?) मला हसू आलं. घरात कितीतरी दिवसांनी.

माझ्या जावेनं मोबाइलवर 'शोकाचे पाच टप्पे' पाठवले होते आणि माझा राग कुठल्या टप्प्यात बसतो ते मी शोधत होते. ते टप्पे १९६९ साली एलिझाबेथ कुब्लर-रॉस बाईंनी मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडले, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे, आणि त्या क्रमानं सगळे जातातच असंही नाही, हे तुम्ही सांगितल्यावर मी तो शोध सोडला. 'अजून किती रडणार' म्हणणाऱ्यांसाठीही तुम्ही मला उत्तर दिलं होतंत. सहा महिन्यांहून जास्त काळ, आपल्या रीतीभातीला धरून असतं त्याच्याही पलीकडे, आणि रोजचं जगणं अडून बसेल इतकं दुःख राहिलं, तरच जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला विकार म्हणतात. अमेरिकेतले डॉक्टर मोठ्या माणसाला वर्षाची मुदत देतात. आमच्या वाड्यावर तीनच महिने मिळतात.

पण या सगळ्याहून मोठे आभार माझ्या मुलाच्या वाटचे आहेत. तेराव्याला त्याच्या एका काकानं सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आता तू या घरचा कर्ता." पोर नववीत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं फुटबॉलला जाणं सोडलं, विजेचं बिल आपल्या दप्तरात ठेवायला लागला, रात्री उठून दाराची कडी लागली आहे की नाही ते बघायचा. आम्हाला सगळ्यांना वाटलं, केवढा समजूतदार झाला! तुम्हाला एकटीलाच त्यात काळजी वाटली. तुम्ही काकांना केंद्रात बोलावून घेतलंत. तुमचं काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण पुढच्या रविवारी काका आमच्या अंगणात आले आणि मुलाला म्हणाले, "बिल आण इकडे. मी भरतो. तू खेळायला जा." मुलगा बिल देईना. मग दिलं, आणि तिथेच पायरीवर बसून रडला, बाप गेल्यापासून पहिल्यांदा. आता तो गावच्या संघात गोलकीपर आहे आणि अभ्यासाच्या नावानं बोंब आहे, त्याबद्दल मात्र तुमच्याशी बोलायचं राहून गेलं.

कागदांत मला सगळ्यात जास्त वेळ लागला. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज, अपघात दावा लवादाची तारीख, बँकेत वारस म्हणून सही. प्रत्येक खिडकीवर 'मयताचं नाव' लिहायचं. ते लिहिताना पेन अडायचं. तुम्ही एक दुपार माझ्या शेजारी बसून सगळे अर्ज मला एकदमच भरायला लावलेत, म्हणालात, "एकदाच काय ते होऊ दे." समुपदेशनाच्या पुस्तकात हे आहे का, कोण जाणे.

केंद्र बंद असताना काय करायचं म्हणून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर तुम्ही माझ्या फोनमध्ये घालून दिला होतात. पैसे पडत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. वर्षश्राद्धाच्या आदल्या रात्री मी तो लावला. तिकडच्या मुलीला तिस्क कुठे हे माहीत नव्हतं, मी सांगितलं, आणि सांगता सांगता उजाडलं.

आता मी तिस्कवरूनच फोंड्याला जाते. बस तिथे आली की उजवीकडे बघत नाही, एवढंच. स्कूटरवर अजून बसलेले नाही. तुम्ही म्हणाला होतात, नाही बसलात तरी चालेल, बसगाड्या आहेत.

एक काम आहे, ते तुम्हालाच सांगायला हवं. वरच्या वाड्यावरच्या एका बाईचा भाऊ नदीत गेला. ती कुणाशी बोलेना, म्हणून मी तिला केंद्रात घेऊन गेले. तुमच्या जागेवर आलेल्या मॅडम चांगल्या आहेत, सगळं नीट विचारतात, लिहून घेतात. पण त्या टेबलाच्या पलीकडे बसतात. तुम्ही खुर्ची अलीकडे ओढून बसायचात. ती बाई टेबलाकडे बघत राहिली आणि हूं की चूं न करता परत आली. बुधवारी मी तिला पुन्हा नेणार आहे. त्याआधी त्या मॅडमना एक फोन करून खुर्चीचं तेवढं सांगा.

सासूबाईंचा आशीर्वाद आहे. रक्तदाब आटोक्यात आहे, लोणचं मात्र सोडत नाहीत.

तुमची,
सत्तरीतली वहिनी