टूर रद्द केली आहे, आधी पूर्ण वाचा

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईने फोन मध्येच बाबांच्या हातात दिला असता, बाबांनी "बघू" म्हणून विषय मिटवला असता आणि रात्री मला दादाचा फोन आला असता. म्हणून लिहितेय. ती बारा दिवसांत सात देशांची टूर रद्द केली आहे. दादा टूरवाल्यांशी बोलला, थोडे कापून पैसे परत मिळतील. तुमची मुंबई-पॅरिसची तिकिटं मी काढलीत. मेमध्ये यायचं, जूनमध्ये परत. पॅरिसच्या विमानतळावर मी स्वतः घ्यायला येणार आणि तिथून आपण तिघं तुलूजला, माझ्या घरी. झालं सांगून.

आई, तू बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सात देश सांगून ठेवलेत, हे मला माहीत आहे. पण त्या टूरचा कार्यक्रम मी ओळ न् ओळ वाचला. पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर, दिवसभर बस, एखाद्या शहरात उतरून चाळीस मिनिटं, परत बस. काश्मीरच्या वेळी काय झालं ते आठव. तेव्हा तर तुझा गुडघा बरा होता. आणि बाबा, तुमच्या अँजिओप्लास्टीचं मला तुम्ही घरी आल्यावर सांगितलंत, त्यावर मी काहीच बोलले नव्हते. मग आता माझं एवढं ऐका.

माझ्याकडे चार दिवस आराम झाला की आपण फिजाकला जाऊन राहायचं. तुलूजहून गाडीने दोन-अडीच तास. दहा हजार वस्तीचं गाव, सेले नावाच्या छोट्या नदीच्या काठी. कामानिमित्त माझं तिकडे जाणं असतं, तिथे विमानाचे पंखे बनवणारा जुना कारखाना आहे, रातिए. महायुद्धात तो जर्मनांसाठी राबत होता, तेव्हा जानेवारी १९४४ मध्ये भूमिगतांनी आतली यंत्रं स्फोटकं लावून उडवली. पुढे १२ मे रोजी जर्मन सैन्याने गावातून पाचशेच्या वर माणसं धरून नेली. बरीचशी परत आलीच नाहीत. आजही तिथे पंखेच बनतात. मीटिंग लवकर संपली की मी गल्ल्यांतून भटकते आणि दर वेळी मनात येतं, बाबा इथे हवे होते.

का, ते सांगते. हे शाँपोलियाँचं गाव, प्राचीन इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या माणसाचं. त्याचे वडील इथे पुस्तकांचं दुकान चालवायचे, आणि १७९० साली तो इथेच जन्मला. रोझेटाचा दगड नेपोलियनच्या सैनिकांना १७९९ मध्ये इजिप्तमध्ये सापडला, पण तो इंग्रजांनी उचलून लंडनला नेला. म्हणजे या माणसाने सगळं काम केलं ते त्याच्या नकला आणि ठसे समोर घेऊन. दगडावर एकच राजाज्ञा तीन लिप्यांत: वर चित्रलिपी, मध्ये इजिप्तमधली रोजच्या वापरातली जलद लिपी, खाली ग्रीक. तुम्ही मंडळात जुन्या कागदांचा रुमाल सोडून भिंग घेऊन बसता ना, बालबोध आणि मोडी शेजारी ठेवून? साधारण तीच बैठक. टॉलेमी राजाचं नाव चौकटीत सापडलं, तिथून एकेक अक्षर सुटत गेलं. काही चिन्हं आवाजाची, काही अर्थाची, आणि दोन्ही एकाच ओळीत मिसळलेली, हे त्याने ओळखलं आणि १८२२ मध्ये जाहीर केलं. प्रत्यक्ष इजिप्त पाहायला मात्र १८२८ उजाडलं. एक्केचाळिसाव्या वर्षी गेला बिचारा.

त्याच्या जन्मघरातच आता जगातल्या लिप्यांचं संग्रहालय आहे. दर्शनी भिंतीत तांब्याच्या पत्र्यात निरनिराळ्या लिप्यांतली शेकडो अक्षरं कापलीत, उजेड त्यांतून आत येतो. त्यांत ओळखीचं काय सापडतं ते शोधायचं काम तुमचं. मी घाई करणार नाही. आईला कॉफी घेऊन देईन आणि आम्ही बसू.

आई, मागच्या चौकात तुझी पंचाईत होणार आहे, आत्ताच सांगून ठेवते. जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने १९९१ मध्ये तिथे रोझेटाच्या दगडाची अवाढव्य प्रतिकृती केली, काळ्या ग्रॅनाइटमध्ये, आणि ती चक्क जमिनीवर अंथरली आहे. लोक अक्षरांवरून चालतात. वर्तमानपत्राला पाय लागला तरी तू मला नमस्कार करायला लावायचीस, तेव्हा तू त्यावर पाय ठेवणार नाहीस, हे लिहून देते. मीही पहिल्यांदा कडेकडेनेच गेले. वरच्या बागेतून सगळं दिसतं.

गावातली घरं तेराव्या-चौदाव्या शतकातली, व्यापाऱ्यांची. खाली दुकानाच्या दगडी कमानी, आणि सगळ्यात वर छपराखाली उघडा मजला, कातडी, कापड, फळं वाळवायला. तिथे कुरडया घालायचं तुझ्या मनात येईल, माझ्या आलं होतं. नोत्र-दाम-द्यु-प्युई हे चर्च टेकडीवर आहे, तो चढ तू चढायचा नाहीस. बाबांनी चढायचा तर माझ्याबरोबर, थांबत थांबत. बाकीचं जुनं गाव छोटं आहे, रमतगमत फिरता येतं.

आता राहण्या-खाण्याचं. हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं तळमजल्याचं घर घेतलंय, जिना नाही. कुकर मी नेणार. न्हाणीघरात नुसता कागद असतो, ही तुझी मुख्य काळजी, तर तांब्या मी आधीच आणून ठेवलाय. नळाचं पाणी पिण्याचं. दही आपल्यापेक्षा कमी आंबट, पण चांगलं. हॉटेलात जिथे तिथे बदक, त्यामुळे तुझं जेवण घरीच. शनिवारच्या बाजारात अक्रोड आणि बकरीच्या दुधाचं छोटं गोल चीज मिळतं, ते चाखून बघ, नाही आवडलं तर मी संपवीन. दुपारी दुकानं बंद असतात आणि जेवणाची वेळ टळली की कुणी वाढत नाही, पुणेकरांना हे काय सांगायचं. संध्याकाळी नऊलाही उजेड असतो, म्हणून रात्रीची गोळी घड्याळ बघून घ्यायची, बाहेर बघून नाही. गावात सरकारी रुग्णालय आहे, बाबांचे सगळे रिपोर्ट मी फ्रेंचमध्ये करून घेतलेत.

बाबा, स्कूटरवर मला पुढे उभं करून तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचात. चुकले की ओरडायचा नाहीत, नुसती स्कूटर हळू करायचात, परत वाचता यावं म्हणून. इथे आल्यावर पहिलं वर्षभर मी तशीच वाचत होते सगळं, बसमधून, ओठ हलवत. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

तर आता ऐका. व्हिसाचा अर्ज मी भरलाय, दादा कागद आणून देईल, त्यावर बाबांनी इंग्रजीत सही करायची, पासपोर्टवर आहे तश्शी. तीस हजार युरोचा आरोग्य विमा लागतोच, तो काढलाय, किती पडले ते विचारू नका. सगळी औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. दूध-मांसाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, चक्का नाही. "कोण बघतंय" हे चालणार नाही, आई. गोडा मसाला, मेतकूट, भाकरीचं पीठ, बाकरवडी, हवं तेवढं आण. नवे बूट आत्ता घ्या आणि रोज बागेत वापरा, नवे कोरे घालून इथे उतरू नका. स्वेटर दोन. सकाळी गार असतं.

आणि पॅरिस राहतंय असं समजू नकोस. परतताना दोन रात्री तिथेच आहोत. आयफेल टॉवरसमोर तुझा फोटो काढेन, हवे तेवढे काढेन, शेजारच्या काकूंना तू कुठून पाठवतेयस ते दिसेल असे. बाकीचे सहा देश पुढच्या वेळी. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर. त्यावर आपण समोरासमोर बोलू, आत्ता चिडू नकोस.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, मोठं भिंग आणा. छोट्याची काच खालून टवकली आहे, मागच्या वेळी मी पाहिलं होतं.