आक्कांची नखं कापणाऱ्या नर्सबाईंना

आदरणीय बाई,

आक्का गेल्या, त्यांचं पहिलं मासिक श्राद्धही अजून व्हायचंय. समोर येऊन बोलायला गेले तर नुसतं रडूच येईल, म्हणून लिहिते.

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे सगळ्या वस्तीच्या आक्कांनी, जन्मभर सुईणपण केलं. पैसा कधी घेतला नाही. कुणी खण-नारळ दिला, कुणी पायलीभर जोंधळा. कुणाकडे तेही नसायचं, तरी रात्री-अपरात्री कंदील घेऊन त्या जायच्याच. अशा बाईचा खुबा मोडला, तेव्हा मोठ्या दवाखान्यानं हात लावायच्या आधी डिपॉझिट मागितलं आणि पुढं ‘वय झालंय, घरी न्या’ म्हणून मोकळे झाले. पाठीला जखमा घेऊन त्या घरी आल्या. भेटायला येणारे सफरचंदं ठेवून खुर्चीत बसायचे. कूस बदलायला कुणी पुढं होत नव्हतं.

तुम्ही मात्र रिटायर झालेल्या, गुडघे धरलेले, तरी एसटीनं येत राहिलात. जखमा धुतल्यात, अंग पुसलंत, मला वळवायला शिकवलंत. त्या सगळ्याचे उपकार आहेतच, पण माझ्या मनातून जात नाही ते नखांचं.

आक्का हात वाकळेखाली लपवून ठेवायच्या. नाडी बघायला तुम्ही हात मागितला तर देईनात. तुम्ही दटावलं नाही. वाकळ हळूच सारलीत आणि म्हणालात, “सुईणीची नखं अशी वाढलेली बरी नव्हेत, आक्का.” कोमट पाण्यात बोटं भिजवलीत, एकेक नख मांसालगत कापलंत आणि प्रत्येकाची कड स्वतःच्या गालावर फिरवून बघितलीत, कुठं टोचतंय का म्हणून. बाळंतिणीला हात लावायच्या आधी आक्का अगदी असंच करायच्या! त्या दिवशी त्या कितीतरी दिवसांनी बोलल्या. पायाळू पोर कसं सोडवलं, ते हातवारे करून तुम्हाला सांगत होत्या आणि तुम्ही मध्येमध्ये शिकाऊ पोरीसारखं विचारत होतात. दवाखान्यात त्या नुसता एक मोडका खुबा होत्या.

चहा घेताना तुम्ही लिव्हरपूलची गोष्ट सांगितलीत, ती मी पोरींना सांगत असते. 1859 साली विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची बायको आजारपणात गेली. तिची सेवा केलेल्या मेरी रॉबिन्सन या नर्सलाच त्यानं पगार देऊन गरिबांच्या घरोघरी पाठवलं. महिनाभरात ती रडत परत आली, एवढं दैन्य बघवत नाही म्हणाली. त्यानं धीर दिला, ती टिकली आणि गरिबाघरी नर्स पाठवायची रीत तिथून पसरली. “मीपण पहिल्या वर्षी अशीच रडले होते,” असं तुम्ही म्हणालात, तेव्हा आक्कांनी तुमचा हात धरला होता.

आपल्याकडेही अशी माणसं झाली. साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी 1863 पासून पुण्यात राहत्या घरी विधवांची बाळंतपणं केली आणि 1897 मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. बाळंतिणीला शिवणं विटाळाचं मानायचे, त्या काळात रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं. त्या तर आमच्या शेजारच्या देवराष्ट्र्याच्या. तुम्ही शिकलात ते मिरजेचं मिशन हॉस्पिटलही 1894 सालचं. जयंतीला फोटोला हार घालताना हे सगळं भाषणात ऐकलं होतं. हे काम नेमकं काय असतं, ते तुमच्यामुळं आमच्या सोप्यात बघायला मिळालं. माणुसकी शिल्लक आहे असं मी आता कुणालाही छातीठोक सांगते.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, लुगडंही परत केलंत. आता एक मागते, त्याला नाही म्हणू नका. आमच्या थोरलीला बारावीनंतर नर्सिंगला जायचंय. भावकीतले ‘लोकांची घाण काढायचं काम’ म्हणून नाकं मुरडतायत. पोरगी डगमगलेली नाही, पण फॉर्म भरायच्या आधी तिला तुमच्याशी बोलायचंय. मासिकाला याल तेव्हा तिच्यासाठी थोडा जास्त वेळ काढून या.

तुमची,
आक्कांची थोरली सून