कोटेशनचे नियम आणि रिकामी चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुउद्योगांनी डिजिटल व्हावे, असे सांगणारे लेख आणि जाहिराती हल्ली वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. कोटेशन तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की त्यांत एक आश्वासन हमखास असते : नियम एकदा भरून ठेवले की ग्राहकाच्या गरजेनुसार योग्य तो माल यंत्रच निवडेल आणि त्यासाठी जाणकार माणसाची वाट पाहावी लागणार नाही. भोसरीच्या एका पंप कारखान्यात मी सत्तावीस वर्षे अ‍ॅप्लिकेशन इंजिनीअर होतो. आलेल्या एन्क्वायरीवरून, म्हणजे ग्राहकाच्या चौकशीवरून, पंप, मोटार, सील (फिरत्या दांड्याजवळची, म्हणजे शाफ्टजवळची गळती रोखणारा भाग), कपलिंग (पंप आणि मोटारीचे शाफ्ट जोडणारा भाग) आणि बेसप्लेट (दोन्ही ज्यावर बसवतात तो पाया) निवडून देणे हे माझे काम होते, आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची चार वर्षे हेच काम सॉफ्टवेअरला शिकवण्यात गेली. वरील आश्वासनाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्धाने मात्र आमच्या कारखान्याचे एकदा चांगलेच नुकसान केले, म्हणून हे पत्र.

आधी आकड्यांचा अंदाज देतो. मध्यम आकाराच्या पंप कारखान्याकडे चाळीस मॉडेल, सहा प्रकारचे धातू, तीन प्रकारची सील, बारा मोटारी आणि मोटारीचे साधे व फ्लेमप्रूफ (ज्वालाग्राही वायूच्या जागी वापरायचा) असे दोन प्रकार असतील, तर नुसत्या गुणाकाराने 17,280 जोड्या होतात. त्यांतल्या बहुतेक जोड्या निरर्थक असतात. कोणती जोडी चालते आणि कोणती चालत नाही, हे ज्यांना ठाऊक असते अशी माणसे कारखान्यात तीन-चारच असतात आणि त्यांच्या टेबलावर एन्क्वायरींचा ढीग साचलेला असतो. हा ढीग कमी करण्यासाठी सॉफ्टवेअर घेणे यात काहीच वावगे नाही. विक्री प्रतिनिधी डिस्चार्ज (तासाला किती द्रव हवा), हेड (तो किती उंचीइतक्या दाबाने चढवायचा), द्रवाचे नाव आणि तापमान भरतो. मग एक नियम पंपाचे मॉडेल सुचवतो, दुसरा मोटार जोडतो, तिसरा न चालणारी सील यादीतून काढून टाकतो, आणि चौथा जोडी विसंगत असेल तर कोटेशन पुढे जाऊ देत नाही. काही नियम नुसती सूचना देऊन थांबतात. या प्रत्येक प्रकाराची गरज असते, पण सुरुवात करणारा माणूस बहुधा सगळीकडे पहिलाच प्रकार वापरतो, म्हणजे ‘हे असेल तर ते आपोआप घाल’. आम्हीही तेच केले.

आता तो प्रसंग सांगतो. एका रासायनिक कारखान्याला तासाला 100 घनमीटर डिस्चार्ज आणि 30 मीटर हेडचे दोन पंप हवे होते. डिस्चार्ज आणि हेड यांचा गुणाकार करून त्याला द्रवाच्या सापेक्ष घनतेने गुणायचे आणि आलेल्या संख्येला 367 गुणिले कार्यक्षमता यांनी भागायचे, म्हणजे पंपाला लागणारी शक्ती किलोवॅटमध्ये मिळते, हे आमच्या धंद्यातले रोजचे गणित. कार्यक्षमता 70 टक्के धरली की पाण्यासाठी उत्तर येते सुमारे 11.7. आमच्या पद्धतीप्रमाणे त्यावर 25 टक्के वाढ धरून 14.6 झाले आणि नियमाने त्याच्या वरची, म्हणजे 15 किलोवॅटची मोटार निवडली. नियमात चूक नव्हती आणि गणितही बरोबर होते. पण द्रव पाणी नव्हता. ते मिठाचे संपृक्त द्रावण होते आणि त्याची सापेक्ष घनता 1.2 होती. त्या हिशेबाने शक्ती 14 किलोवॅट होते, वाढीसह 17.5, आणि मोटार हवी होती 18.5 किलोवॅटची.

घनतेचा आकडा ग्राहकाच्या डेटाशीटच्या दुसऱ्या पानावर स्वच्छ छापलेला होता. विक्री प्रतिनिधीने ती चौकट रिकामी सोडली, आणि नियम बसवताना आम्हीच असे लिहून ठेवले होते की चौकट रिकामी असेल तर घनता 1 धरावी. त्या वेळी हे आम्हाला सोयीचे वाटले होते, कारण आमच्या बहुतेक एन्क्वायरी पाण्याच्याच असत. माणसाच्या हाती हेच काम असते तर द्रवाचे नाव वाचताच त्याने फोन उचलून घनता विचारली असती. धातूची निवड ग्राहकाने स्वतःच कळवली होती आणि ती बरोबर होती, त्यामुळे कोटेशन तपासणाऱ्या कोणालाच शंका आली नाही.

पंप बसले, चालले, आणि काही आठवडे कोणाची तक्रारही नव्हती. दोन्ही पंप एकाच लाइनवर समांतर चालत होते, तोवर प्रत्येकाचा डिस्चार्ज ठरल्याप्रमाणे होता आणि 14 किलोवॅटचा भार 15 च्या मोटारीने कसाबसा ओढला. एक पंप दुरुस्तीसाठी बंद केला तेव्हा दुसऱ्याचा डिस्चार्ज वाढला, त्याबरोबर शक्तीही वाढली आणि ओव्हरलोड रिले, म्हणजे जादा भार आला की मोटार बंद करणारे उपकरण, पडू लागला. मोटार बदलून द्यायची म्हणजे फक्त मोटार बदलायची, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. मोटारीच्या सांगाड्याचे माप म्हणजे फ्रेम, आणि तिचा आकडा म्हणजे पायापासून शाफ्टच्या केंद्राची मिलिमीटरमधली उंची. चार पोलच्या मोटारीत 15 किलोवॅट 160 च्या फ्रेममध्ये येतो आणि 18.5 किलोवॅट 180 च्या. म्हणजे शाफ्टचे केंद्र 20 मिलिमीटरने वर जाते आणि शाफ्टचा व्यास 42 वरून 48 मिलिमीटर होतो. कपलिंग बदलावे लागले, बेसप्लेट नवी करावी लागली, फाउंडेशन बोल्टच्या जागाही हलल्या. हे सगळे दोनदा, कारण पंप दोन होते. खर्च अर्थातच आमच्या माथी.

पुढच्या महिन्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. याच नियमाने याआधीच्या अकरा कोटेशनांत घनता 1 धरली होती आणि त्यांतल्या तीन ठिकाणी द्रव पाण्यापेक्षा जड होता. माणूस चुकतो तेव्हा बहुधा एका कागदावर चुकतो. नियम चुकला की तो जिथे जिथे लागू होतो त्या प्रत्येक कागदावर चुकतो, आणि सगळे कागद सारखेच नीटनेटके दिसत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. सुदैवाने त्या तिन्हींपैकी एकही ऑर्डर झालेली नव्हती. आपले कोटेशन ग्राहकाने नाकारले म्हणून मला आनंद झाल्याचे एवढे एकच उदाहरण आठवते.

यानंतर आम्ही रिकाम्या चौकटीचा अर्थ बदलला. घनता, तापमान, द्रवातील घन कणांचे प्रमाण आणि सक्शनची (पंप द्रव ओढून घेतो त्या बाजूची) स्थिती या चार गोष्टी भरल्याशिवाय मोटार आणि सील निवडणारे नियम चालूच होत नाहीत, अशी सोय केली. विक्री विभागाने यावर मोठी कुरकुर केली आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ती रास्तही होती, कारण ग्राहकाला एवढे प्रश्न विचारले की तो कंटाळून दुसऱ्याकडे जातो, अशी त्यांची भीती होती. शेवटी तडजोड अशी निघाली की चौकट रिकामी ठेवून अंदाजी किंमत देता येईल. पण त्या कागदावर ‘अंदाजी’ असे छापले जाईल आणि त्यावरून ऑर्डर स्वीकारता येणार नाही.

दुसरा धडा क्रमाचा होता. एखाद्या जागी ज्वालाग्राही वायू असेल तर मोटार फ्लेमप्रूफ हवी, हा आमचा नियम यादीत अगदी शेवटी होता आणि कपलिंग व बेसप्लेटचे नियम त्याच्या आधी चालत. साहजिकच बेसप्लेट साध्या मोटारीच्या मापाने निवडली जाई आणि मोटार मागाहून बदले. सॉफ्टवेअर नियम कोणत्या क्रमाने तपासते, माहिती बदलल्यावर ते सगळे नियम पुन्हा चालवते की बदललेल्या भागापुरतेच, आणि पान उघडताना, बदल करताना की जतन करताना चालवते, हे विकत घेण्यापूर्वी विचारायला हवे. आम्ही विचारले नव्हते. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हा प्रश्न कधीच उपस्थित होत नाही, कारण त्यांच्या नमुन्यात तीन-चारच नियम असतात.

हा प्रश्न आजचाही नाही. अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही संगणक कंपनी व्हॅक्स संगणकांच्या ऑर्डरी घेत असे, तेव्हा प्रत्येक ऑर्डरीत पेटी, वीजपुरवठा, केबल आणि डिस्क यांची जोडणी वेगळी असे आणि एखादी केबल राहिली की संगणक ग्राहकाकडे नुसता पडून राही. कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी 1978 मध्ये या कामासाठी नियमांवर चालणारी एक प्रणाली लिहायला घेतली. पुढे ती एक्सकॉन या नावाने ओळखली गेली. 1986 पर्यंत तिने सुमारे 80,000 ऑर्डरी तपासल्या आणि तिची अचूकता 95 ते 98 टक्के असल्याचे नोंदवले गेले. कंपनीचे वर्षाला कोट्यवधी डॉलर वाचले. परंतु काही शे नियमांपासून सुरू झालेली ती प्रणाली हजारो नियमांवर गेली. नवे मॉडेल आले की नियम बदलावे लागत आणि ते बदलत राहण्यासाठी स्वतंत्र माणसे कायमची ठेवावी लागली. आपल्याकडे सॉफ्टवेअरचा खर्च म्हणजे परवाना आणि बसवण्याचा खर्च, एवढेच समजले जाते. नियमांची देखभाल हा खर्च कोणाच्याच अंदाजपत्रकात नसतो.

ही देखभाल सोपी व्हावी म्हणून आम्हाला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती साधी होती. प्रत्येक मोटारीसाठी स्वतंत्र नियम लिहिण्याऐवजी किलोवॅट, पोल, फ्रेम, शाफ्टचा व्यास, कपलिंग आणि बेसप्लेट यांचा एक तक्ता केला, आणि नियम एकच ठेवला : तक्त्यातली पहिली पुरेशी ओळ शोध. मोटार पुरवणाऱ्याने आयई2 या कार्यक्षमतेच्या वर्गातली मोटार बंद करून वरच्या वर्गातली आयई3 दिली तेव्हा एकाही नियमाला हात लावावा लागला नाही; तक्त्यातल्या ओळी बदलल्या आणि काम झाले. तक्ता खरेदी विभागातल्या माणसालाही वाचता येतो. एकात एक गुंतलेले ‘जर-तर’ लिहिणाऱ्याला स्वतःलाही सहा महिन्यांनी वाचता येत नाही.

न चालणारे पर्याय लपवावेत की दाखवावेत, यावर आमच्याकडे बराच वाद झाला. माझे मत असे की ते फिकट रंगात दिसू द्यावेत आणि बोट ठेवले की कारण वाचता यावे. उदाहरणार्थ, या तापमानाला हे रबर टिकत नाही. लपवलेल्या पर्यायातून नवा मुलगा काहीच शिकत नाही, उलट तो पर्याय आपल्याकडे नाहीच असे ग्राहकाला सांगून मोकळा होतो. तसेच नियम मोडण्याची मुभा ठेवावी, पण मोडणाऱ्याने कारण लिहिलेच पाहिजे. दर महिन्याला ती कारणे वाचली की कोणता नियम जुना झाला आहे ते कळते. एकाच नियमाविरुद्ध पाच जणांनी एकच कारण दिले असेल, तर बहुधा चूक नियमाची असते.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही, आणि ती अलीकडे वाढते आहे. काही ठिकाणी महागडे सुटे भाग किंवा वाढीव वॉरंटी कोटेशनमध्ये आपोआप घालणारे नियम लिहिले जातात आणि ग्राहकाने लक्ष देऊन काढले तरच ते निघतात. तांत्रिक गरजेमुळे आलेली ओळ आणि विक्रीच्या हव्यासामुळे आलेली ओळ कागदावर सारखीच दिसते. याचा मोठा फटका विहिरीसाठी पंप घेणाऱ्या शेतकऱ्याला आणि छोट्या गृहनिर्माण संस्थेला बसतो, कारण त्यांच्याकडे ती ओळ ओळखणारा इंजिनीअर नसतो.

असे सॉफ्टवेअर घेऊ पाहणाऱ्या उद्योजकांनी परवान्याचे पैसे भरण्यापूर्वी एक वही करावी, अशी माझी सूचना आहे. कारखान्यातल्या जाणकाराजवळ बसून प्रत्येक नियम साध्या मराठीत लिहावा. त्यापुढे त्याचे कारण, तो कोणी सांगितला आणि तो कधी तपासायचा हे लिहावे. ज्या नियमाचे कारण कोणालाच सांगता येत नाही, तो सॉफ्टवेअरमध्ये घालू नये. मग जुन्या पन्नास ऑर्डरी निवडाव्यात, त्यांत फसलेल्या चार-पाच आवर्जून घ्याव्यात, आणि नियमांत कोणताही बदल केला की या सर्व पुन्हा चालवून पाहाव्यात. या कामाला आम्हाला अडीच महिने लागले. ते आधी केले असते तर मिठाच्या द्रावणाचे प्रकरण घडले नसते, कारण आमच्या जुन्या ऑर्डरींत अशा द्रावणाचे दोन पंप होतेच.

माझ्या जागी आता एक तरुण मुलगी काम पाहते. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात वही चाळताना तिने विचारले की घनतेच्या नियमापुढे कारणाऐवजी नुसता एका ऑर्डरीचा क्रमांक का लिहिला आहे. मी तिला स्टोअरच्या मागे नेले आणि 160 च्या फ्रेमसाठी केलेल्या, परत आलेल्या दोन बेसप्लेट दाखवल्या. त्या अजून तिथेच आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अ‍ॅप्लिकेशन इंजिनीअर, पुणे