लिनक्स कर्नेलच्या टिपांमधल्या चुका सुधारायच्या आहेत : माणसे हवीत, लॅपटॉप हवेत

गावकरी मंडळींनो, आणि नागपूर-पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या गावच्या पोरापोरींनो,

उलंगवाडी झाली की दर रविवारी वाचनालयाच्या संगणक खोलीत लिनक्स कर्नेलची, म्हणजे लिनक्स संगणकप्रणालीच्या गाभ्याची, कागदपत्रे तपासायचे ठरले आहे. त्यासाठी हे आवाहन.

कर्नेलच्या सी भाषेतल्या कोडमध्ये फंक्शनच्या (एक ठराविक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या) डोक्यावर ठराविक पद्धतीची टीप असते. त्याच टिपांमधून पुढे स्फिंक्स हे साधन वाचायची पाने तयार करते. कोड बदलतो, टीप मात्र मागेच राहते. पॅरामीटरचे (फंक्शनला पुरवायच्या मूल्याचे) नाव 'लेन'चे 'साइझ' झाले आणि टिपेत 'लेन'च राहिले, तर टिपा तपासणारे कर्नेल-डॉक हे साधन लगेच इशारा देते. पण वेळ मायक्रोसेकंदांत द्यायची असताना टीप मिलिसेकंद म्हणत असेल, तर कोणतेही साधन बोलत नाही. टिपेवर भरवसा ठेवून ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा कोड) लिहिणारा तिथे हजारपट चुकतो. ही दुसरी चूक पकडायला सी वाचता येणारा माणूसच लागतो, आणि आमची पहिली मागणी तीच आहे : महिन्यातले दोन रविवार देणारे चार-पाच जण.

नवशिक्यांनीही यावे. फक्त इशारा बंद व्हावा म्हणून टिपेत काहीतरी लिहून टाकायचे नाही, एवढे पथ्य पाळावे. आधी कोड वाचायचा, खरे कोण ते ठरवायचे. कधी टीप बरोबर आणि कोडच चुकलेला निघतो. एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवायच्या बदलाच्या फाइलमध्ये, एकाच प्रकारची दुरुस्ती. पाठवण्याआधी पॅच तपासणारी चेकपॅच ही स्क्रिप्ट चालवायची, कोणाला पाठवायचे ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते. पॅच गिटच्या (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या) सेंड-ईमेल आज्ञेनेच पाठवायचा, कारण जीमेलचे वेबपान टॅबच्या जागी स्पेस घालते आणि असा पॅच लागतच नाही. खाली सही स्वतःच्या नावाची. आठवडाभर उत्तर आले नाही तरी घाई करायची नाही. नवी आवृत्ती ९-१० आठवड्यांनी निघते आणि तिच्या सुरुवातीचे दोन आठवडे देखभाल करणारे गर्दीत असतात.

आता सामान. जुने चालतील, पण ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेले चार लॅपटॉप हवेत. ४ जीबीचे यंत्रही टाकून देऊ नका : सगळी पाने बांधायला ते दमते, पण एकेक फाइल कर्नेल-डॉकने तपासायला पुरते. शिवाय १ टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क. कर्नेलचा पूर्ण इतिहास काही जीबीचा आहे, आणि अर्ध्यात वीज गेली की गिटचे क्लोन (सगळ्या इतिहासाची प्रत उतरवणे) पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सगळा इतिहास एकत्र बांधलेली बंडल फाइल उतरवून घेणार. ती तुटली तिथून पुढे उतरते. मग बाकी यंत्रे त्या डिस्कवरूनच भरता येतात. अपुरा, उथळ क्लोन घेऊन भागत नाही, कारण टीप कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) चुकली हे शोधायला जुना इतिहास लागतो. पॅचच्या 'फिक्सेस' ओळीत त्याच कमिटच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे लिहायची असतात.

भारनियमनासाठी इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक ट्यूब्युलर बॅटरी. चार लॅपटॉप तीन-चार तास आरामात चालतील. डेस्कटॉप दिल्यास त्याचा उपयोग करू, पण वीज जास्त खातो.

वस्तू वाचनालयात आणून द्याव्यात, चार्जर सोबत असावा. आतली स्वतःची माहिती आधी पुसून टाकावी. रोख रक्कम ग्रंथपालांकडेच द्यावी आणि पावती मागून घ्यावी.

— वाचनालय समिती